देवमाशांची शिकार आणि जपानी तिजोरी

महोदय,

जपानच्या देवमासे-शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन टोकांना जाते. एक पक्ष जपान्यांना क्रूर ठरवून मोकळा होतो आणि दुसरा ‘कोणी काय खावे हे सांगणारे तुम्ही कोण?’ असे विचारतो. ताटावरून होणारे वाद आपल्याला नवे नसल्यामुळे हा दुसरा प्रश्न मराठी वाचकाला चटकन पटतो, आणि मलाही तो बराचसा पटतो. मात्र जपानच्या बाबतीत घोडे पेंड खाते ते सरकारी अनुदानापाशी, आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही.

जपानची परंपरा खोटी नाही. ताइजी गावात संघटित शिकारीची सुरुवात १६०६ सालापासून सांगतात. नागातोजवळच्या कायोइ गावात १६९२ साली बांधलेली देवमाशांची समाधी आजही आहे. मारलेल्या माद्यांच्या पोटात सापडलेले गर्भ कोळ्यांनी तेथे पुरले, आणि गावच्या मंदिरात देवमाशांच्या मृत्यूची नोंदवही ठेवली. अशा समाजाला प्राण्याविषयी ममता नाही, असे म्हणणे उद्धटपणाचे ठरेल. त्यातही उपदेश करणाऱ्यांनी स्वतःचा इतिहास आठवावा. दिव्याच्या तेलासाठी पॅसिफिक महासागर पालथा घालणाऱ्या अमेरिकी शिकारी जहाजांना जपानी बंदरे हवी होती, हेही १८५३ साली अमेरिकी आरमाराचे कमोडोर पेरी तेथे जाऊन थडकण्यामागचे एक कारण होते.

पण गावकऱ्यांची होड्या-जाळ्यांची शिकार वेगळी आणि अंटार्क्टिक समुद्रात तरंगता कारखाना, म्हणजे मारलेला देवमासा जागेवरच कापून साठवणारे जहाज, पाठवणे वेगळे. जपानचे पहिले जहाज तेथे १९३०च्या दशकात गेले. युद्धानंतरच्या उपासमारीत, १९४६ साली, जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांच्या परवानगीने ताफा पुन्हा निघाला आणि हे मांस शाळेतल्या मुलांच्या जेवणात पोहोचले. १९६२च्या सुमारास वर्षाला दोन लाख टनांहून अधिक मांस खपत होते. अलीकडच्या काळात हा खप दोन हजार टनांच्या आसपास रेंगाळतो आहे. खाणारी पिढी म्हातारी झाली आणि तरुणांना त्याची गोडी राहिली नाही, इतके हे साधे आहे.

आंतरराष्ट्रीय व्हेल-शिकार आयोगाने १९८२ साली व्यापारी शिकार स्थगित करण्याचा ठराव केला आणि तो १९८६ पासून लागू झाला. जपानने आधी हरकत नोंदवली, मग अमेरिकी दबावाखाली ती मागे घेतली आणि १९८७ पासून करारातील आठव्या कलमाचा, म्हणजे संशोधनासाठी दिलेल्या सवलतीचा, आधार घेतला. मारलेल्या प्राण्याचे मांस वाया घालवू नये असे ते कलमच सांगते, त्यामुळे मांस बाजारात गेले एवढ्यावरून जपानला दोष देता येत नाही. दोष संशोधनातच होता. ऑस्ट्रेलियाने दाखल केलेल्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३१ मार्च २०१४ रोजी बारा विरुद्ध चार मतांनी जपानच्या विरोधात निकाल दिला, तेव्हा २००५ पासून मिंकी जातीचे सुमारे ३,६०० देवमासे मारून झाले होते. त्याबदल्यात तज्ज्ञांनी तपासलेले दोनच शोधनिबंध न्यायालयापुढे आले, आणि त्यांचा आधार होता अवघ्या नऊ प्राण्यांची माहिती. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी या निकालात बहुमताच्या बाजूने होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नाही.

मग खप नसलेला हा धंदा चालतो कसा? २०११ची त्सुनामी आली, त्यानंतर पुनर्बांधणीच्या निधीतून २२८ कोटी येन देवमासे-शिकारीकडे वळवण्यात आले. उद्ध्वस्त झालेल्या इशिनोमाकी भागात शिकारीवर जगणारे गाव आहे, असे कारण त्यासाठी देण्यात आले. शिमोनोसेकी हे या ताफ्याचे बंदर शिंझो आबे यांच्या मतदारसंघात होते. ताइजी हे त्यांच्याच पक्षाचे पुढे सरचिटणीस झालेले तोशिहिरो निकाइ यांच्या मतदारसंघात होते. आजारी साखर कारखान्याला वर्षानुवर्षे थकहमी मिळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. समुद्रात या ताफ्याला आडवे जाणाऱ्या पाश्चात्त्य आंदोलकांनी, माझ्या मते, शिकारीला राष्ट्रीय अस्मितेचा मुद्दा बनवून या पुढाऱ्यांचे काम सोपेच केले.

जून २०१९ अखेर जपान आयोगातून बाहेर पडला आणि १ जुलैपासून उघड व्यापारी शिकार सुरू झाली. जगभर टीका झाली, पण मला त्यात निदान प्रामाणिकपणा दिसला. संशोधनाचा मुखवटा गेला, अंटार्क्टिकमधील शिकार बंद झाली आणि पहिल्या वर्षी जपानच्या स्वतःच्या सागरी क्षेत्रापुरती २२७ प्राण्यांची मर्यादा ठरली. काळजी वाटते ती त्यानंतरच्या घडामोडींची. २०२३ साली योकोहामात या मांसाची विक्रीयंत्रे बसवली गेली. २०२४ साली ‘कांगेइ मारू’ हे नवे कारखाना-जहाज पहिल्या मोहिमेवर निघाले, आणि त्याच वर्षी फिन व्हेल या महाकाय प्रजातीच्या ५९ प्राण्यांची शिकार मंजूर झाली. मांसाला गिऱ्हाईक शोधावे लागत असताना एवढे मोठे जहाज बांधले, की त्याला पुरेल एवढी शिकार मंजूर करून घेण्याचा आग्रह मागोमाग येणारच.

भारत १९८१ पासून या आयोगाचा सदस्य आहे आणि हिंदी महासागर १९७९ पासून देवमाशांचे अभयारण्य आहे, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. शिकारीची मर्यादा आयोगाचीच गणितपद्धत वापरून ठरवतो, असे जपान सांगतो. तसे असेल तर फिन व्हेलची गणना आणि तिच्यावरून काढलेला आकडा आयोगाच्या वैज्ञानिक समितीने तपासावा आणि ती जे म्हणेल ते मान्य करावे, एवढी मर्यादित मागणी भारताने टोकियोबरोबरच्या नेहमीच्या बोलण्यांत करावी.

– एक वाचक, रत्नागिरी