येझदीला आधी रंग नको देऊ

नागपूर,
श्रावणातला रविवार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. यवतमाळच्या घरी काकांची येझदी रोडकिंग मोटारसायकल तशीच पडून आहे, पुण्यातला एक गॅरेजवाला 'महिन्याभरात नवीकोरी करून देतो' म्हणतो, देऊ का, असं विचारलंस. एका शब्दात उत्तर पाहिजे असेल तर, नको. सविस्तर पाहिजे असेल तर चहा घेऊन बस. मामांची येझदी उघडल्यापासून या विषयावर मला आवरावं लागते, आणि घरचे आता आवरून थकले. हिने तर परवा फर्मानच काढलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा गावाबाहेर जाळायला निघते, तिच्यासंगं हे धूडही पाठवून द्या. घेऊन जा गे मारबत!"

मामांची गाडी तुला आठवत असेल. कृषी खात्यात होते तेव्हा काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा त्यांनी हिच्यावरच पालथ्या घातल्या. मग गुडघा गेला, स्कूटर आली, आणि ही महालातल्या वाड्यात जिन्याखाली गेली. वर पोती, पेपरची रद्दी, कूलरचा जुना टब. तिथून ती काढून आणली तेव्हा मागचं चाक फिरत नव्हतं, किक दबत नव्हती आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार होता.

तू तिला 'विंटेज' म्हणतोस, पण सरकारच्या हिशोबाने ती तशी नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली तरच विंटेज. रोडकिंग निघालीच १९७८ ला, आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखानाच बंद पडला. म्हणजे तुझी-माझी गाडी अजून नुसतीच म्हातारी आहे. आणि खरं सांगू का, ते बरंच आहे. विंटेजचा नंबर लागला की रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला तेवढी काढायची. मला ती भाजी आणायला पाहिजे.

आता मुद्द्याचं. गॅरेजवाले आधी रंग का लावतात? रंग दिसतो, म्हणून. आमच्या कॉलनीतल्या एकाची येझदी अशीच चकाचक होऊन आली. क्रोम असं की त्यात दाढी करावी. पंधरवड्यात ती मागे पांढऱ्या धुराचा पडदा टाकत फिरू लागली, आणि गिअरबॉक्सचं ऑइल कुठे जाते ते कोणाला कळेना. कारण कवडीमोलाचं होतं. क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील.

हे नीट समजून घे, सगळं मर्म इथे आहे. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या बंद डब्यात, क्रँककेसमध्ये, ओढलं जाते, तिथे दाबलं जाते आणि मग बाजूच्या वाटांनी वर जाते. म्हणजे क्रँककेस हाच पंप. पंपाला भोक असून चालत नाही. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असते, आणि गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते रबर कडक होऊन त्याची धार मरते. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरचं ऑइल पिते आणि पांढरा धूर ओकते. डायनामोच्या बाजूचं गेलं तर ते आणखी वाईट. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही, इंजिन तापते आणि एक दिवस वर्धा रोडवर पिस्टन जाम. रंग कितीही चांगला असो, ही दोन सीलं बाहेरून दिसत नाहीत. म्हणून गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचार, "इंजिन उघडणार का?" तो 'गरज नाही' म्हणाला की निघ तिथून.

मी इंजिन उघडायच्या आधी प्लग काढून त्या भोकातून डिझेल ओतलं आणि सोडून दिलं. रोज सकाळी जाऊन टॉप गिअरमध्ये मागचं चाक हलकेच मागेपुढे करायचं, बस्स. जोर लावायचा नाही, किकवर उभं राहायचं नाही. नवतपा सुरू होता, सात वाजताच पाना हातात धरवत नव्हता. एके सकाळी चाकाबरोबर आतून 'चर्र' असा बारीक आवाज आला आणि पिस्टन केसभर सरकला. मी एवढ्या जोराने ओरडलो की शेजारचे काका गच्चीवरून वाकून पाहू लागले.

बोअर मारायला, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करायला, हिंगण्याच्या एमआयडीसीत गेलो. लेथवाल्याने गेज लावून सिलिंडर वर, मधे, खाली मोजून दाखवला. मूळ बोअर ६५ मिलिमीटर, पण मधे पोट सुटलेलं आणि खाली गोलाई गेलेली. त्याने एक गोष्ट सांगितली, लिहून ठेव. आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर मारायचा. उलट केलंस तर दोघांचं जमेलच असं नाही. आणि बोअर मारून झाला की पोर्टच्या, म्हणजे मिश्रण जायच्या वाटांच्या, कडांची धार हाताने मोडून घ्यायची. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात. कोरी धार राहिली तर पिस्टनची रिंग त्या खिडकीत अडकून तुटते. त्याने हे माझ्यासमोर बसून केलं, बारीक कानसने, जिभेचं टोक ओठांत धरून. पैसे मात्र बोअरचेच घेतले.

कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल आटून गुळाच्या पाकासारखं चिकटलं होतं. त्यातला पायलट जेट, पेट्रोलचं बारीक भोक, पितळेचा असतो, त्यात सुई खुपसायची नाही, भोक मोठं होते. तांब्याच्या वायरची एक तार पुरते. सायलेन्सरच्या आतले बॅफल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवले, वर्षांची काजळी निघाली. पण ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्या पाण्याजवळ नेऊ नको, खाऊन टाकते. इग्निशनच्या पॉइंटचं अंतर ०.४ मिलिमीटर, फिलर गेजने. अंदाजाने नाही.

पेट्रोलचं वेगळं सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढते. गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसते, आणि जुनं रबर फुगून मऊ होते. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर, सगळं नव्या चालीचं टाक, आणि महिनाभर गाडी काढायची नसेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेव. टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल मी सध्या पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टाकतो, बोअर नवा आहे तोवर. थोडा धूर होईल, होऊ दे.

आणि रंग? मामांच्या टाकीवर उजव्या बाजूला पोचा आहे. नरखेडच्या रस्त्यात बैलगाडीच्या जूला घासली होती. तो मी ठेवला. गंज लागला होता तिथेच घासून रंग दिला, बाकी रबिंग कंपाउंड आणि हाताची मेहनत. चालू झाली त्या संध्याकाळी मामांना रिक्षाने आणलं. कौतुक एका शब्दाने नाही. त्यांनी हँडल धरलं, दुखऱ्या पायानेच किक मारली, आणि इंजिन लागल्याबरोबर त्याच पायाने तीच दांडी आत दाबून पुढे वळवून गिअरला नेली. किक हीच गिअर, हे मला अजून रोज आठवावं लागते. मामांच्या पायाला ते तोंडपाठ आहे. मग म्हणाले, "क्लच कावून दाबून राहिला बे तू? हिला गिअर टाकताना लागत नाही." आणि खरंच, दांडी दाबली की क्लच आपोआप सुटतो. गॅरेजवाल्याने मला हे कधी सांगितलं असतं?

तुमच्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर काकांनी 'जय गजानन' रंगवून घेतलेलं आहे. पेंटरने अक्षरं वाकडी काढली म्हणून काकूंनी किती दिवस त्यांना चिडवलं होतं, विसरलास? तो गॅरेजवाला पहिल्याच दिवशी मडगार्ड घासून पांढरं करेल. मग ते तू पुण्यातल्या कोणत्या पेंटरकडून वाकडं काढून घेशील?

तेव्हा असं कर. गाडी पुण्याला नेऊच नको. यवतमाळहून एक छोटा हत्ती टेम्पो ठरव आणि माझ्याकडे पाठव. टाकी रिकामी करून, आणि हँडलला दोर बांधताना तारा दबणार नाहीत असं पाहून. पार्ट जमवायचं मी पाहतो. आजच्या नव्या येझदीचे पार्ट हिला लागत नाहीत, त्यामुळे कोणी ते गळ्यात मारू लागला तर घेऊ नको. तू यायचंस मात्र, फोनवरून पाने फिरत नाहीत.

कागदांचंही आत्ताच पाहा. आरसी अजून काकांच्याच नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागेल, त्याला फॉर्म ३१. पंधरा वर्षं कधीच उलटलीत, तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, शिवाय ग्रीन टॅक्स, आणि नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी. चेसिस नंबर गंजाखाली गेला असेल तर तो कानस लावून घासू नको, रॉकेलच्या फडक्याने पूस. अंक पुसट झाले तर तपासणीला उभं करून तुलाच वेड्यात काढतील.

आरसी बुक देवघरातल्या लोखंडी पेटीत असेल, काका सगळे कागद तिथेच ठेवायचे. काकूंना विचार, आणि पहिल्या पानाचा फोटो पाठव.

तुझा,
पक्या

ता.क. हिला सांगितलं की अजून एक येझदी येऊन राहिली. पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलणार नाही असं दिसते.