पेशी जगल्या, पण जोडल्या का?

महोदय,

यजमानांना पार्किन्सन्स असल्याने मेंदूत पेशी रोवण्याच्या बातम्यांची कात्रणे मी जपते. ‘पेशी जगल्या’ एवढेच छापून येते. त्या कुणाशी जोडल्या गेल्या, हे क्वचितच. म्युनिकच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ उंदरांच्या दृष्टिकेंद्रात भ्रूणातल्या चेतापेशी रोवल्या होत्या. काही आठवड्यांत त्यांना फांद्या फुटल्या, आणि तिथल्या आधीच्या, इजेने नष्ट झालेल्या पेशींना मेंदूच्या ज्या भागांतून संदेश येत, तिथूनच यांनाही येऊ लागले. पुढे तर त्या ठरावीक कोनातल्या रेषांना प्रतिसाद देऊ लागल्या! अर्थात तो उंदीर, आणि इजाही मुद्दाम केलेली, छोटीशी. पार्किन्सन्सच्या प्रयोगांत पेशी सहसा नष्ट झालेल्या पेशींच्या मूळ जागी नव्हे, जिथे डोपामिन (मेंदूतले संदेशवाहक रसायन) कमी पडते तिथे सोडतात. मथळ्यात नाही, निदान बातमीत तरी हा फरक यावा.

— एक नियमित वाचक