नाव आणि चेहरा, एवढ्यावरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जपानी अ‍ॅनिमेतल्या, म्हणजे तिथल्या चलच्चित्र-मालिकांतल्या, खलनायकी वळणाच्या नायकांवरचा लेख वाचला. ‘डेथ नोट’मधल्या लाइट यागामीविषयी त्यात म्हटलं आहे की, मुलाचा हेतू चांगला होता, पुढे सत्तेची नशा चढली. माझा अकरावीतला भाचा त्याच्याही पुढे जातो. त्याच्या मते लाइट अखेरपर्यंत बरोबरच होता, फक्त सापडला. सुट्टीत त्याने मला सगळे ३७ भाग दाखवले. ३१ वर्षं मी कोर्टात लघुलेखक होतो, त्यामुळे माझं लक्ष कदाचित भलतीकडेच गेलं असेल. पण लेखातलं ‘पुढे’ मला कुठे सापडलं नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ही कथा २००३ ते २००६ या काळात एका जपानी साप्ताहिकात क्रमशः आली, मग तिची मालिका झाली. हुशार शाळकरी मुलाला यमदूताची वही सापडते. चेहरा डोळ्यांपुढे आणून नाव लिहायचं. मरणाचं कारण लिहिलं नाही तर चाळीस सेकंदांत हृदय बंद. पहिलं नाव असतं पाळणाघरात लोकांना ओलीस धरणाऱ्याचं. इथवर बहुतेक प्रेक्षक लाइटच्या बाजूने. दुसरा कोण? दुकानाबाहेर एका मुलीला छेडणारा मोटारसायकलवाला. त्याचं नाव लाइटने फक्त कानांनी ऐकलेलं असतं, आणि जपानीत एकाच उच्चाराचं नाव वेगवेगळ्या चित्राक्षरांत लिहिता येतं, म्हणून तो ते निरनिराळ्या प्रकारे लिहून बघतो, एखादं तरी लागेल म्हणून. छेडछाडीला मृत्युदंड, आणि तोही अंदाजपंचे! मग दुसऱ्याच भागात टीव्हीवरून एक माणूस त्याला दुष्ट म्हणतो आणि लाइट चिडून त्याचंही नाव लिहितो. तो मुळात फाशीचाच कैदी होता, हे लाइटला नंतर कळतं. लिहिताना त्याच्या लेखी तो निरपराध होता, गुन्हा एवढाच की त्याने अपमान केला. म्हणजे बिघडायला दोन भागही पुरले नाहीत.

कोर्टातल्या माणसाला खटकलं ते आणखी एक. लाइटकडे नावं येतात कुठून? टीव्हीच्या बातम्यांतून, आणि पोलिस अधिकारी असलेल्या वडिलांच्या संगणकातून. निकालपत्रातून नव्हे. आमच्याकडे समन्सवर वडिलांचं नाव, वय, धंदा, राहणार, ‘ऊर्फ’ हे सगळं लिहितात, कारण एका गावात एकाच नावाचे तिघे निघतात. मी एका तालुक्याला असताना वॉरंटावर भलताच माणूस धरून आणला होता. बिचारा दुपारपर्यंत बाकावर बसून होता. ही अडचण त्या वहीने सोडवली आहे, चेहरा माहीत असल्याखेरीज नाव लागतच नाही. पण त्या चेहऱ्याच्या माणसाने ते केलं का, हे वही विचारत नाही.

आणि हे जपानातलं आहे, म्हणून जपानचंच उदाहरण देतो. १९६६ साली शिझुओका प्रांतात मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) बनवणाऱ्या कंपनीचा एक अधिकारी आणि त्याचे कुटुंबीय, असे चौघे मारले गेले. तिथे कामाला असलेल्या इवाओ हाकामादा या माजी मुष्टियोद्ध्याला अटक झाली. आठवडे चाललेल्या चौकशीनंतर त्याने कबुली दिली आणि खटल्यात ती नाकारली. वर्षभराने कारखान्याच्या मिसोच्या टाकीत रक्ताचे कपडे ‘सापडले’. त्यातली पँट त्याला नीट चढेना. तरी १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, १९८० मध्ये ती कायम झाली. शिक्षा देणाऱ्या तिघा न्यायाधीशांपैकी एकाने २००७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की, आपल्याला तो निर्दोष वाटत होता. बहीण हिदेको लढत राहिल्या. २०१४ मध्ये हाकामादा बाहेर आले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, ८८व्या वर्षी, निर्दोष ठरले. पुरावा तपास यंत्रणेनेच बनवला होता, असं न्यायालयाने म्हटलं.

अटकेपासून ५८ वर्षं. नाव आणि फोटो मात्र पहिल्याच दिवसांत पेपरात होते. लाइटला ते पुरले असते.

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “मामा, पण गुन्हे सत्तर टक्के कमी झाले ना!” हा आकडा मालिकेत आहे खरा. पण तो देतो कोण, हे आम्ही शेवटचा भाग परत लावून पाहिलं. गोदामात पकडला गेल्यावर लाइट स्वतःच देतो. आरोपीने स्वतःच्या बचावात दिलेला आकडा मी आयुष्यभर टिपून घेतला आहे, साहेब. त्यावर उलटतपासणी होते. भाचा गप्प झाला, पटलं म्हणून की कंटाळला म्हणून, ते माहीत नाही.

त्यातला मला आवडलेला माणूस म्हणजे लाइटचे वडील. माणूस मारण्याची ताकद हीच वाईट, आणि ती ज्याच्या हाती येते तो शापित, असं काहीसं ते म्हणतात. त्यांचा मुलगाच खुनी आहे हे त्यांना मरेपर्यंत कळत नाही.

पुरवणीतल्या लेखाच्या लेखकाला दोष देत नाही, त्यांचा विषय मनोरंजनाचा होता. पण हाकामादांच्या निकालानंतर जपानच्या ‘माइनिची’ या दैनिकाने आपल्या जुन्या बातम्यांबद्दल माफी मागितली, हे वाचल्यापासून एक विनंती मनात आहे. परवा आपल्या पहिल्या पानावर, अजून आरोपपत्रही दाखल न झालेल्या एका इसमाचा फोटो होता आणि मथळ्यात ‘नराधम’. फोटोखाली पूर्ण नाव, गावासह. मथळ्यात ‘संशयित’ बसला असता. मी अक्षरं मोजली, जागा होती.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक, सातारा