बाबांच्या आखडलेल्या बोटांविषयी

तीर्थरूप आई-बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वळली असून त्यांच्या मुळाशी कातडीखाली ताठ दोरीसारखा पट्टा लागतो, असे आईने कळवले. या लक्षणांवरून हा ड्युपिट्रेन कॉन्ट्रॅक्चर असावा, असे मला वाटते. शीर आखडली असे तुम्ही म्हणता; परंतु या आजारात बोटे हलवणाऱ्या शिरा शाबूत असतात, तळव्याच्या कातडीखालचा तंतूंचा पडदा मात्र जाड होऊन आक्रसतो आणि बोटांना आत ओढतो. त्यामुळे मालिश करून किंवा बोट जोर लावून ताणून ते सरळ होत नाही. हा आजार बहुधा दुखत नाही आणि म्हणूनच माणूस तो वर्षानुवर्षे अंगावर काढतो.

आई, हे सारे दारूमुळेच झाले असे तू त्यांना सुनावतेस, ते मला पटत नाही. दीर्घकाळ भरपूर मद्यपान करणाऱ्यांत हा आजार अधिक आढळतो, हे खरे आहे. पण आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो, वाढते वय, मधुमेह आणि धूम्रपान यांचाही संबंध दिसतो आणि आयुष्यात थेंबही न घेतलेल्यांची बोटेही अशीच वाकतात. हात पाहून कोणाला दारुडा ठरवणे अन्यायाचे आहे.

तरीही बाबा, तुमचे रोजचे पिणे मला मनापासून खुपते. ते सोडल्याने वाकलेले बोट सरळ होणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. मात्र तेच मद्य यकृतावर काय करत असेल याची तपासणी आता टाळू नका. आणि कृपा करून रागाच्या भरात एकदम बंदही करू नका, कारण रोज भरपूर घेणाऱ्याने अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते कमी करत न्यावे.

आज एवढे करा: तळवा खाली करून हात टेबलावर ठेवा आणि तो पूर्ण सपाट टेकतो का ते पाहा. टेकत नसेल, तर हाताच्या शल्यचिकित्सकांना दाखवायलाच हवे. सुईने पट्टा तोडणे किंवा शस्त्रक्रियेने तो काढणे असे उपाय आहेत. आजार पुन्हा उद्भवू शकतो, पण बोटाचा मधला सांधा फार काळ वाकलेला राहिला तर तो सरळ करणे अधिक अवघड जाते. आई, टेबलावरच्या हाताचा बाजूने फोटो काढून मला पाठव, म्हणजे मी डॉक्टरांची वेळ घेते आणि तुमच्यासोबत येते.

तुमची लेक