मॅडम, ती युरीन बॅग तुम्ही स्वतः उचललीत

मॅडम, तोंडावर बोलले असते तर तुम्ही "बरं बरं, कामाला लाग" म्हणून कटवलं असतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून वृद्धांच्या केअर सेंटरला लागले तेव्हा बॅचमधल्या मुली हसायच्या, डायपर बदलून कसलं करिअर होणार म्हणून. मोठ्या हॉस्पिटलला एनएबीएचसाठी, म्हणजे दर्जाच्या मान्यतेसाठी का होईना, इन्फेक्शन कंट्रोल नर्स ठेवावी लागते, आमच्याकडे कोण विचारतंय! आधीच्या ठिकाणी खरूज पसरली तर वरून हुकूम काय, "नातेवाइकांना बोलायचं नाही, पावडर लावा." पहिल्यांदा झालेल्या खरजेत खाज सुटायलाच कित्येक आठवडे जातात, तोवर ती शेजारच्या बेडला, मावशींना, मावशींच्या घरी पोचलेली असते. सगळ्यांना एकाच दिवशी परमेथ्रिन, म्हणजे खरजेचं मलम, लावायचं सोडून एकेकाला गुपचूप लावत बसले, आणि ज्या मावशीने आपणहून हात दाखवला तिलाच बिनपगारी घरी बसवलं. मग बाकीच्या कशाला सांगतायत? त्या साहेबांना अजून वाटतं आपण इज्जत वाचवली. असो.

तुमच्याबरोबरच्या पहिल्या राउंडला आजोबांच्या कॅथेटरची (लघवीच्या नळीची) बॅग फरशीवर पडलेली. मावशींचा चेहरा पांढरा पडला, मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही एका हाताने बेडचा कठडा धरून, गुडघा दुखत असताना वाकलात, बॅग उचलून खालच्या हुकला अडकवलीत, हाताला सॅनिटायझर चोळलंत, चांगलं सावकाश, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, आणि मावशींना म्हणालात, "जमिनीला टेकायची नाही आणि पोटातल्या मूत्राशयाच्या वरही जायची नाही. आता या नव्या सिस्टरना तुम्ही दाखवा." आणि मावशींनी मला दाखवलं! जीएनएमवालीला! दुसऱ्या दिवशी त्याच मावशी नाइटवालीला ओरडत होत्या.

बाकी तुम्ही खूप शिकवलंत, रजिस्टर, जुलाब लागल्यावर सॅनिटायझरवर न भागवता साबणपाणीच का, सगळं, पण माझ्या डोक्यात राहिली ती बॅग. पुण्यात 1897 च्या प्लेगला रँडचे सोल्जर घरात घुसून तपासायचे तर लोक आजारी माणसं माळ्यावर नि कपाटात लपवायला लागले, आणि आम्ही शंभर वर्षांनंतरही मावशींवर तेच करतोय. तुमच्याकडे मावशी आपणहून येऊन सांगायच्या, सिस्टर चार नंबरच्या आजींना बोटांत पुरळ दिसतंय, बघता का. अर्धं काम तिथेच व्हायचं. साधं नीट बोलणारी माणसं भेटतच नाहीत हो हल्ली, डिग्र्या भिंतभर असतात.

तर बातमी अशी की सिंहगड रोडला एका नवीन सेंटरमध्ये घेतायत मला, आणि लेटरवर पद "इन्फेक्शन कंट्रोल नर्स" असंच लिहून घेतलंय, "स्टाफ नर्स व इतर कामे" नाही. रेफरन्सला तुमचा नंबर दिलाय न विचारता. अनोळखी नंबर तुम्ही उचलत नाही माहितीये, पण या आठवड्यात प्लीज उचला.