जुनी मिलिटरी स्लीपिंग बॅग घेताना जरा बघून घ्या

संपादक साहेब, नमस्कार. थंडी पडली की आपल्या ग्वाल्हेरची पोरं उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला निघतात आणि स्वस्तात मिलिटरीची जुनी स्लीपिंग बॅग शोधतात, म्हणून लिहितेय. अमेरिकन आर्मीच्या सेटमध्ये हिरवी पातळ बॅग, काळी जाड बॅग आणि वरून गोरटेक्सचं, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या कापडाचं कव्हर असतं, तिन्ही टिचबटणांनी एकमेकांत बसतात. इथल्या जानेवारीला एकच बॅग पुरते, बर्फात मात्र तिन्ही लागतात आणि मग वजन 5 किलोच्या आसपास जातं, पाठीला चांगलंच जाणवतं.

माझ्या भाच्याने घाईत सेट घेतला, कव्हर उलटं करून बघितलंच नाही, आतल्या शिवणीवरची टेप सालपटासारखी सुटलेली, रात्री पाणी झिरपलं आणि पोरगं पहाटेपर्यंत कुडकुडत बसलं, ऐकूनच पोटात कालवलं माझ्या. म्हणून दुकानातच कव्हर उलटं करा, चेन दोनदा वरखाली करा, बॅग झटकून पसरा, फुगलीच नाही तर घेऊ नका, आतलं भरण दबून गेलेलं असतं. खाली मॅट हवीच, अंगाखाली चेपलेली बॅग जमिनीचा गारठा अडवत नाही. आणि हो, तोंड बॅगेत घालून झोपू नका, श्वासाने आतून ओल धरते.

– एक वाचक, लष्कर भाग, ग्वाल्हेर