चष्म्याचा नंबर आत्ता काढू नका

ती. बाबा आणि आई यांस,
सा. नमस्कार.

बाबा, महाद्वार रोडला जाऊन नवा चष्मा करायचा बेत महिना-दीड महिना पुढे ढकला. तुमच्या मधुमेहाच्या रक्ततपासणीत एचबीए१सी १०.१ आलंय, म्हणजे गेले तीन महिने साखर सरासरी २४० च्या आसपास होती. रक्तात एवढी साखर असली की डोळ्यातल्या भिंगात ती उतरते, तिथं तिचं सॉर्बिटॉल होतं आणि ते पाणी ओढून घेतं. भिंग फुगलं की नंबर बदलतो. गोळ्यांनी साखर उतरली की तोच नंबर पुन्हा सरकतो, म्हणून आत्ता केलेला चष्मा दिवाळीपर्यंत कपाटात जाईल. साखर चार ते सहा आठवडे एका पातळीला टिकली की मग नंबर काढा. तोवर जुनाच चष्मा वापरा.

भिंगाची सूज उतरते. पडद्याचं तसं नाही, आणि माझा जीव अडकलाय तो तिथंच. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक असतात. साखरेनं त्यांच्या भिंती कमजोर होतात, जागोजागी बारीक फुगे येतात, त्यातून पाणी आणि चरबी झिरपते. झिरपलेलं पाणी पडद्याच्या मधोमध, मॅक्युलात, साचलं की वाचताना अक्षरं वाकडी दिसतात. आणखी पुढे, रक्त न मिळालेला पडदा नव्या वाहिन्या उगवतो. त्या इतक्या ठिसूळ असतात की एखादी फुटली तर डोळ्यात रक्त उतरतं. या सगळ्यात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसाच्याही पडद्यावर डाग सापडतात. त्यामुळे ‘मला पेपर वाचता येतोय की’ हे तुमचं उत्तर मला पुरत नाही.

दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढतात ती पडद्याची तपासणी नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघून घ्यायचा. थेंब लागू व्हायला अर्धा तास, नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. म्हणून स्कूटर घरी ठेवा, काळा गॉगल न्या, आईला बरोबर घ्या. उपाशी जायचं नाही, नेहमीची गोळी आणि जेवण वेळेवर. दोनच प्रश्न विचारा: रेटिनोपॅथी, म्हणजे साखरेनं पडद्याला झालेली इजा, आहे का, असली तर किती, आणि मॅक्युलाला सूज आहे का. सूज वाटली तर ते ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, करायला सांगतील. लेसर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन सांगितलं तरी घाबरू नका. त्यानं उरलेली नजर राखता येते, गेलेली पूर्ण परत आणणं अवघड असतं. काही सापडलं नाही तरी दर वर्षी ही तपासणी हवीच.

ही तपासणी आत्ताच का, याचं आणखी एक कारण आहे. बराच काळ चढलेली साखर एकदम खाली आणली तर आधीच बिघडलेला पडदा काही महिने जास्त बिघडू शकतो. औषध अजिबात थांबवायचं नाही, पण किती वेगानं साखर उतरवायची हे डॉक्टरांना पडद्याचा रिपोर्ट बघून ठरवू दे. आणि साखरेऐवजी गूळ घेतला तर चालतो, हा आपल्याकडचा समज सोडून द्या. गूळ कोल्हापूरचा असला तरी रक्तात साखरच चढवतो.

घरी आठवड्यातून एकदा, वाचायचा चष्मा लावून, एक एक डोळा झाकून कालनिर्णयच्या चौकटी बघा. रेघा वाकलेल्या दिसल्या तर लवकर दाखवा. अचानक काळे ठिपके, काजळी उडाल्यासारखं, वीज चमकल्यासारखं किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी.

आई, तू म्हणतेस हे लक्ष देत नाहीत. कदाचित त्यांना ऐकूच येत नसेल. आतल्या कानाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही पडद्यातल्यांसारख्याच बारीक, आणि साखर त्यांनाही सोडत नाही. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत मधुमेह असणाऱ्यांत कानानं कमी ऐकू येण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज: स, श, फ. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात, म्हणून ‘सात’चं ‘आत’ होतं. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. ओरडून काही होत नाही. समोर बसून, टीव्ही बंद करून, सावकाश बोल.

बाबांची ऑडिओमेट्री करून घ्या. बंद खोलीत हेडफोन लावून दोन्ही कान वेगवेगळे तपासतात, साधारण अर्धा तास लागतो, दुखत नाही. त्याआधी मळ आहे का ते डॉक्टरांना बघू द्या. मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभं राहून दुसऱ्या दिवशी जाऊ नका, आकडे चुकीचे येतील. कानात कोमट तेल, पिन, काडी काहीही नको: साखर असताना कानाच्या नळीला ओरखडा पडला तर संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. एका कानानं एकाएकी ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. त्यावर स्टेरॉइड देतात आणि त्यानं साखर चढते, म्हणून मधुमेह आहे हे आधी सांगा.

पहिली वेळ पडद्याची घ्या, कानाची त्याच आठवड्यात चालेल. दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवा, औषधांच्या चिठ्ठीसकट.

तुमची,
लेक